जाळ्यातला मासा अर्धा खाल्लेला निघतो, तेव्हा काय करावं?

हतनूर धरणाचा फुगवटा असो, सुलवाडे-सारंगखेडा-प्रकाशा इथल्या बॅरेजमागचं तापीचं पाणी असो, की नवापूरकडे पसरलेलं उकाई धरणाचं पाणी. पहाटे जाळं उचलायला निघालेल्या माणसाकडे होडी असेलच असं नाही. ट्रकच्या टायरची ट्यूब, तिच्यावर बांधलेली फळी किंवा थर्माकोलचा तराफा, हातात वल्हं म्हणून दोन आखूड फळ्या आणि पाय पाण्यात. एवढ्यावर घरं चालतात. म्हणून जाळं वर आल्यावर राहू माशाचं नुसतं डोकं हाती लागलं की जीव तुटतो. "पूरं जाळं फाडी टाकं भो!" असं एकाने म्हटलं की दुसरा लगेच पाणमांजराचं नाव घेतो आणि तिसरा औषध, म्हणजे विष, टाकायची भाषा करतो.

तिथेच थांबायला हवं. जाळ्यातला मासा जितका वेळ पाण्यात लटकतो, तितका तो दुसऱ्याचा होत जातो. खाणारा कोणीही असो, नुकसान कमी करायचा खरा उपाय त्या लटकण्याच्या वेळेत आहे. जनावर मारून तो वेळ कमी होत नाही.

आधी चोर ओळखा

जाळं उचलल्यावर घाईने झटकू नका. अर्धवट खाल्लेला मासा हातात घेऊन उजेडात नीट पाहा.

डोकं आसात (जाळ्याच्या घरात) अडकलेलं, धड ओढून नेलेलं आणि जाळ्याला मोठं भगदाड पडलेलं असेल, तर पाणमांजराची शक्यता धरा. पण तेवढ्यावर ठरवू नका. जवळच्या खडकावर किंवा वाळूच्या पट्ट्यावर जाऊन बघा. पाणमांजरांचा कळप एकाच ठिकाणी विष्ठा टाकतो. ती माशांच्या खवल्यांनी आणि काट्यांनी भरलेली असते, तिला उग्र वास येतो. ओल्या गाळात पाच बोटांचे, पडदा असलेले ठसे दिसतात. यातलं काहीच नसेल तर दोष दुसऱ्या कुणाचा तरी आहे. तापीच्या खोऱ्यात पाणमांजर आहे, पण ते क्वचित दिसतं. रोजच्या नुकसानीचं खापर त्याच्यावर फोडणं बरोबर नाही.

पोटाचा मऊ भाग ओरबाडून खाल्लेला, कडा वेड्यावाकड्या, आणि जाळं उथळ, शेवाळ-गवताच्या पाण्यात लावलेलं असेल तर बहुधा कासव. डोळे, कल्ले आणि पर कुरतडलेले, जाळ्याला बारीक बारीक छिद्रं असतील तर खेकडे. अंगावर ओरखडे, खवले निघालेले आणि लहान मासे गायब असतील तर पाणकावळा. त्याच्या चोचीला टोकाशी आकडा असतो आणि तो मासा अख्खा गिळतो, त्यामुळे मोठा कटला त्याला झेपत नाही. सर्पपक्ष्याची चोच सरळ सुरीसारखी असते, तो मासा भोसकतो. एकच खोल भोक दिसलं तर तो.

एक साधी वही ठेवा. जाळं कुठे लावलं, किती वाजता लावलं, किती वाजता काढलं आणि काय नासलं, एवढंच लिहा. महिनाभरात नुकसान कोणत्या कोपऱ्यात आणि कोणत्या वेळी होतं ते वहीच सांगते.

जाळं लावायची वेळ बदला

सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे. संध्याकाळी जाळं लावायचं, घरी जाऊन झोपायचं आणि सूर्य वर आल्यावर काढायचं, ही सवय सोयीची आहे, पण महाग पडते. रात्रीत दहा-बारा तास मासा मरून लटकतो. पाणमांजर संध्याकाळी, रात्री आणि पहाटे फिरतं. पाणकावळा नजरेने शिकार करतो, म्हणून तो उजाडल्यावर येतो. उशिरा काढलेलं जाळं त्यामुळे दोघांच्याही तावडीत सापडतं.

जमलं तर दोन-तीन तासांनी जाळं फिरून बघा आणि अडकलेला मासा काढून घ्या. जमत नसेल तर निदान शेवटची फेरी तांबडं फुटायच्या आत करा. याचा दुसरा फायदा बाजारात दिसतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या पाण्यात मेलेला मासा काही तासांत मऊ पडतो, कल्ले फिके होतात आणि भुसावळ-जळगावच्या गिऱ्हाईकाच्या ते लगेच लक्षात येतं. ताज्या माशाचा जो जास्त भाव मिळतो, त्यात जादा फेरीचे कष्ट वसूल होतात.

दोघं-तिघं मिळून पाळ्या लावल्या तर हे जड जात नाही. एकट्याने रात्रभर ट्यूबवर जागणं मात्र करू नका.

जागा आणि आस

कासवांचा त्रास असेल तर जाळं गवताळ, चिखलाच्या काठापासून दूर, खोल पाण्याकडे सरकवा आणि तळाला टेकू देऊ नका. खेकड्यांनाही हाच उपाय. पाणकावळ्यांसाठी मोठ्या आसाचं जाळं वापरा. बारीक मासळी अडकलीच नाही तर पक्ष्याला बुडी मारायचं कारण उरत नाही, आणि पुढच्या वर्षीची मासळीही वाचते. बारीक आसाचं तंगूस (नायलॉनच्या धाग्याचं) जाळं आज टोपली भरतं आणि दोन वर्षांत धरण रिकामं करतं, हे आपल्या भागातले जुने भोई आणि कोळी नीट जाणतात.

चमकणाऱ्या पट्ट्या, बुजगावणं, डबा वाजवणं यांचा उपयोग चार-आठ दिवस होतो, मग पक्षी सरावतात. शेततळ्यात मासे पाळत असाल तर त्यापेक्षा पाण्यावर दोऱ्या आडव्या-उभ्या ताणणं जास्त टिकतं.

ट्यूबवर असताना

पकडलेले मासे दोरीत ओवून ट्यूबला बांधून पाण्यात सोडणं बंद करा. मासा ताजा राहतो म्हणून लोक असं करतात, पण त्याचं रक्त आणि धडपड खाणाऱ्याला थेट तुमच्या पायापर्यंत आणते. झाकणाचा क्रेट फळीवर घट्ट बांधा, आत ओलं गोणपाट आणि मिळाला तर बर्फ. मासा तिथेच साफ करून आतडी पाण्यात टाकू नका. रोज एकाच जागी आतडी मिळू लागली की जनावर वेळेवर हजर राहायला शिकतं.

पाणमांजर जाळ्यावर आलंच तर ओढाताण करू नका. ते सात ते अकरा किलोचं, दणकट जबड्याचं जनावर आहे, आणि बहुतेक वेळा एकटं नसतं. हात पाण्याबाहेर घ्या, पाय फळीवर घ्या, वल्ह्याने क्रेट ठोका आणि जाळ्याच्या दुसऱ्या टोकाकडून मासे काढायला लागा. ते हटलं नाही तर तेवढा मासा जाऊ द्या. हिवाळ्यात सोबत पिल्लं असू शकतात. शिट्टीसारखे आवाज येत असतील किंवा एखादं डोकं वर काढून तुमच्याकडे टक लावून बघत असेल, तर तो किनारा काही दिवस सोडा.

दगड, फटाके, जिलेटीन, विष यातलं काहीही नको. विषाने मासेही मरतात, ते खाणारी माणसंही आजारी पडतात, आणि हेच पाणी खालची गावं पितात. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आपल्याकडचं पाणमांजर पहिल्या अनुसूचीत आहे. मऊ पाठीचं पाणकासवही त्याच अनुसूचीत येतं. यातलं कोणतंही जनावर मारणं, विकणं किंवा घरी नेऊन शिजवणं यासाठी तुरुंगाची शिक्षा आहे.

जाळ्यात जिवंत काही अडकलं तर

पक्षी असेल तर आधी त्याच्या डोक्यावर गमछा टाका. अंधार झाला की तो शांत होतो. सर्पपक्षी थेट डोळ्यावर चोच मारतो, म्हणून तोंड लांब ठेवा आणि मान गमछ्यावरूनच धरा. पायातला दोरा ओढू नका, कात्रीने जाळं कापा. दोन हात जाळं पुन्हा विणता येतं. भिजलेला पक्षी लगेच उडणार नाही. काठावर कुत्री नसतील अशा जागी उन्हात सोडा.

कासवाला मागच्या बाजूने दोन्ही कडा धरून उचला. मऊ पाठीच्या कासवाची मान वाटते त्यापेक्षा लांब मागे वळते आणि चावा सुटत नाही. बुडालेलं कासव मेल्यासारखं दिसलं तरी फेकू नका. पोट खाली, मागची बाजू थोडी उंच, सावलीत ओल्या गोणपाटावर ठेवा म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघतं. हालचाल परत यायला कित्येक तास लागू शकतात.

फाटलेलं जाळं पाण्यात सोडून येऊ नका. ते मालकाशिवाय मासे, पक्षी, कासवं मारत राहतं आणि पुढे तुमच्याच ट्यूबच्या वल्ह्यात अडकतं.

काही गोष्टी थोडक्यात

धरणातले मासे मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्यात असतात, तेव्हा हौसेने गळ टाकायला जाणाऱ्यांनी आधी संस्थेला विचारावं. ट्यूबवर लाइफ जॅकेट घालाच. दुपारी वारा सुटायच्या आत काठ गाठा. पावसाळ्यात हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी थोडे उघडले तरी खालच्या पात्रात पाणी झपाट्याने चढतं. त्या दिवसांत धरणाखाली उतरू नका.

जखमी पाणमांजर, जाळ्यात गुंतलेलं पिल्लू किंवा आपल्याला सुटत नसलेला पक्षी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. गाव, तालुका, काठाची नेमकी जागा आणि तिथे गाडी कुठपर्यंत येते ते सांगा. माणूस येईपर्यंत जनावराभोवती गर्दी होऊ देऊ नका, त्याला पाणी-खाणं भरवू नका, आणि जाळ्याचा ताण सैल करून ठेवा.