युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात काम करताय? मग शिकायला सुरुवात अशी करा

अ‍ॅडमिशन, परीक्षा, अकाउंट्स, कुठल्याही सेक्शनला असा, ट्रेनिंगचं सर्क्युलर यायची वाट बघत बसू नका. आठवडाभर नुसतं लिहून ठेवा की कुठलं काम परत परत हातानं करावं लागतं आणि विद्यार्थी कुठला प्रश्न सारखा विचारायला येतात, काय शिकायचं ते त्यातूनच कळतं.

नावं बदलत एकेक पत्र टाईप करत असाल तर वर्डमधलं मेल मर्ज शिका, विभागवार आकडे काढायचे असतील तर एक्सेलमधलं पिव्होट टेबल, आणि दोन याद्या डोळ्यांनी जुळवत असाल तर व्हीलुकअप हा एक्सेलचाच फॉर्म्युला, पण तो नावावर लावू नका हं, स्पेलिंग वेगळं असलं की गडबड होते, एनरोलमेंट नंबरवर लावा आणि फॉर्म्युल्याच्या शेवटी फॉल्स (FALSE) टाका म्हणजे तंतोतंत जुळलेलंच येईल. आधी फाईलची कॉपी करून त्यावर प्रॅक्टिस करा.

आता मोटिव्हेशनचं. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाला आतून उत्साह यायला तीन गोष्टी लागतात, स्वतः ठरवायची मोकळीक, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि माणसांशी नातं. म्हणून सेक्शन हेड असाल तर एखाद्याला वर्षानुवर्षं नुसते शिक्के मारायला बसवू नका, अर्जापासून सर्टिफिकेटपर्यंत पूर्ण काम त्याच्या हातात द्या, आणि अडलं तर विचारायला कोण आहे तेही सांगा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

शिकलेलं शेजारच्या टेबलावरच्यालाही शिकवा, आणि कामात काय सुधारलं ते दर महिन्याला नोंदवून ठेवा, अप्रेझलच्या वेळी आठवत बसावं लागत नाही.