पाइप गॅसची जोडणी: परत मिळणारे पैसे आणि न मिळणारे

‘पाइप गॅस घ्यायला किती खर्च येतो?’ या प्रश्नाला सोसायटीतल्या चार शेजाऱ्यांकडून चार वेगवेगळे आकडे ऐकू येतात आणि बहुधा ते चारही खरे असतात. कोणी केवळ अनामत रक्कम सांगतो, कोणी तीत जादा पाइपचे पैसे मिळवतो, तर कोणी सुताराची मजुरीही धरतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी परत मिळणारे पैसे एका बाजूला आणि कायमचे जाणारे दुसऱ्या बाजूला मांडावेत.

मुंबईत काही भागांत वीज कोणाकडून घ्यायची हे ग्राहकाला निवडता येते, तसे पाइप गॅसबाबत नाही. मुंबईत घरगुती पाइप गॅस म्हणजे 1995 साली स्थापन झालेली महानगर गॅस ही कंपनी. तिच्याकडे भरावयाच्या रकमेतील मोठा भाग मीटर आणि घरापर्यंतच्या जोडणीपोटी घेतलेल्या बिनव्याजी अनामतीचा असतो. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या 2008 च्या नियमांनी या अनामतीला 5,000 रुपयांची मर्यादा घातली होती. आजचा आकडा मात्र चालू अर्जावर छापलेलाच धरावा, शेजाऱ्याच्या जुन्या पावतीवरचा नव्हे. याखेरीज वापरलेल्या गॅसपोटी एक लहान अनामतही द्यावी लागते. जोडणी कायमची बंद केल्यास थकबाकी वजा जाता या अनामती परत मिळतात, त्यामुळे त्यांना खर्च म्हणणे योग्य नाही. तो आपला अडकून पडलेला पैसा आहे. पावती घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. जुना फ्लॅट घेताना सोसायटीचा शेअर दाखला आणि वीजमीटर नावावर करून घेण्याची आठवण सर्वांना राहते, गॅसची अनामत मात्र बहुतेकजण विसरतात. तिचा उल्लेख खरेदीच्या करारातच करून घ्यावा.

खरा खर्च वाढतो तो पाइपच्या लांबीमुळे. इमारतीच्या बाहेरील भिंतीवरून चढणाऱ्या उभ्या वाहिनीतून प्रत्येक स्वयंपाकघराकडे फाटा काढला जातो आणि ठरावीक लांबीपलीकडच्या पाइपचे पैसे मीटरमागे, म्हणजे लांबीच्या मीटरमागे, आकारले जातात. आपल्याकडे ड्राय बाल्कनी बंद करून ओटा तिकडे सरकवण्याची, किंवा स्वयंपाकघराची खोली करून ओटा हॉलच्या कोपऱ्यात नेण्याची हौस फार. अशा घरांत पाइपला दोन-तीन वळणे जास्त घ्यावी लागतात. म्हणून पाहणीसाठी माणूस येईल तेव्हा घरात थांबावे, पाइप कोठून जाणार हे त्याच्याकडून भिंतीवर खडूने आखून घ्यावे, जादा लांबी किती आणि तिचा दर काय हे लेखी मागावे. या कामासाठी आकारलेल्या रकमेवर जीएसटी लागतो, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. पाइप फरशीखाली किंवा भिंतीत गाडून घेण्याचा हट्ट धरू नये, कारण गळती झाल्यास ती उघड्यावर लक्षात यायला हवी. मॉड्युलर किचनच्या बंद कपाटात मीटर लपवण्यालाही हाच आक्षेप आहे, आणि नंतर ते कपाट कापायला सुताराला बोलवावे लागले तर तो खर्च आपलाच.

शेगडी बदलावी लागत नाही, पण तिचे जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारे बारीक छिद्राचे तुकडे, बदलावे लागतात. सिलिंडरचा गॅस साधारण 30 मिलिबार दाबाने येतो, पाइपचा 21 मिलिबारने, आणि तेवढ्याच आकारमानात त्याची उष्णताही कमी असते. म्हणून जेटचे छिद्र मोठे लागते. हे काम अधिकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. गॅस गीझर असेल तर तो पाइप गॅसवर चालेल का, हे आधी पाहावे. न चालल्यास नव्या गीझरची किंमत हिशेबात येते.

रस्त्यात वाहिनीच नसेल तर एकट्या घराच्या अर्जाने काही साधत नाही. सोसायटीने ठराव करून एकत्रित अर्ज करावा. पावसाळ्यात महापालिका रस्ते खोदू देत नाही, त्यामुळे मे महिन्यात केलेल्या अर्जाचे काम दिवाळीच्या सुमारास सुरू झाले तर नवल मानू नये.

हा खर्च भरून निघेल का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. 14.2 किलोच्या एका सिलिंडरइतकी उष्णता सुमारे 17 ते 18 घनमीटर पाइप गॅसमधून मिळते. पाइप गॅसच्या बिलावरील प्रति घनमीटर दराला 17.5 ने गुणावे आणि येणारी रक्कम सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहावी. उदाहरणादाखल दर 50 रुपये धरल्यास ती 875 रुपये होते. नैसर्गिक वायू जीएसटीच्या बाहेर आहे आणि राज्याने 1 एप्रिल 2022 पासून त्यावरील व्हॅट 13.5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणला, म्हणून त्यापूर्वीच्या बिलांवरून तुलना करू नये.

जोडणी सुरू झाल्यावर सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करावेत. त्या वेळी जोडणीचा मूळ कागद दाखवावा लागतो आणि त्यावर नोंदलेली अनामतच परत मिळते. आजीच्या नावाने काढलेल्या जुन्या जोडणीची रक्कम आजच्या मानाने किरकोळ निघेल, आणि कागद आजीच्याच नावावर असल्यामुळे आधी नाव बदलून घ्यावे लागेल.