धोक्याचा इशारा देताय? या चुका टाळा

लोकांच्या जिवाला धोका दिसत असेल तर गप्प बसायचं नाही, हे अभियंत्याला वेगळं शिकवावं लागत नाही. घोळ होतो तो मांडणीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त बिघडलेल्या घटना दाखवणं. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, रॉकेट बनवणाऱ्या थायोकोल कंपनीचे अभियंते रॉजर बॉयजोली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचं उड्डाण १२ अंश सेल्सियसखाली करू नका, असं नासाला सांगितलं. ओ-रिंग, म्हणजे रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, थंडीत कडक होतात आणि सांध्यातून गरम वायू निसटतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण समोर ठेवली ती गळती झालेली उड्डाणं: एक १२ अंशांचं, एक २४ अंशांचं. मग तापमानाचा संबंध कुठे दिसतो, असा प्रश्न आला आणि बाजू लंगडी पडली. शेवटी कंपनीच्या वरिष्ठांनी शिफारसच फिरवली. निर्धोक उड्डाणंही आलेखावर घेतली असती तर चित्र स्वच्छ होतं: १८ अंशांखालच्या चारही उड्डाणांत ओ-रिंगला इजा, त्यावरच्या वीसपैकी फक्त तिनांत. दुसऱ्या दिवशी तापमान होतं २ अंश. ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जीव गेले.

म्हणून आडव्या अक्षावर संशयित कारण, उभ्यावर नुकसान, आणि शून्य नुकसानाचे ठिपकेसुद्धा घ्या. उद्याची परिस्थिती त्याच कागदावर उभ्या रेषेने दाखवा. घाईत हेच आधी गाळलं जातं.

‘काम निकृष्ट आहे’ असं लिहू नका. ‘स्तंभ सी-७, पायापासून १.२ मीटरवर, कव्हर (सळईवरचं काँक्रीट) डिझाइनमध्ये ४० मिमी, मोजलं २२ मिमी’ असं लिहा. तारीख, ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक, मोजताना कोण हजर होतं, हे त्याच दिवशी नोंदवा. अंदाज वेगळ्या परिच्छेदात ठेवा. शेवटी नेमकी मागणी हवी: काय थांबवायचं, कोणती चाचणी झाल्यावर पुन्हा सुरू करायचं.

तोंडी सांगून मोकळं होऊ नका. बढती हुकल्याची तक्रार त्याच पत्रात घालू नका. कंपनीचं अख्खं फोल्डर उचलून नेऊ नका. कायदेशीर सल्ला आधी घ्या. धोका तासाभरावर नसेल तर वरिष्ठ, सुरक्षा विभाग, नियामक हा क्रम ओलांडून थेट बातमीदाराकडे धावणं मला घातक वाटतं.

आणि पटलेलं नसताना ‘नंतर बघू’ म्हणत सही करू नका. चॅलेंजरच्या वेळी थायोकोलचेच ॲलन मॅकडोनल्ड यांनी उड्डाणाच्या शिफारशीवर सही नाकारली, ती त्यांच्या वरिष्ठांना करावी लागली. नकाराचं कारण दोन ओळींत, त्याच दिवशी, लेखी द्या.