काम करून आणलेली गाडी चढावर कुथते? या चुका टाळा

गॅरेजमधून काल आणलेली गाडी गल्लीत छान चालते, पण नागपूरच्या रामझुला पुलाच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन कुथायला लागते. आवाज वाढतो, उचल मात्र मिळत नाही. मग घरचे, शेजारचे सगळेच नवा आजार शोधू लागतात, ही पहिली चूक. फ्युएल पंप गेला असेल, इंजेक्टर जाम असतील, आणि हल्लीचा सगळ्यांचा लाडका आरोपी म्हणजे इथेनॉलवालं पेट्रोल. अहो, कामाआधी गाडी नीट होती ना? मग जिथे हात लागला तिथे आधी बघा. गॅरेजचं बिल हातात घ्या आणि कोणत्या कामासाठी काय काय खोललं असेल, ते मिस्त्रीला विचारा.

एअर फिल्टर बदलला किंवा थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली असेल, तर हवेचा होज पाइप नीट बसलाय का, क्लिप आवळली आहे का, ते सगळ्यात आधी. जिथे हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ असतो, तिथे त्याच्या आणि इंजिनच्या मधल्या फटीतून शिरलेली हवा इंजिनच्या कॉम्प्युटरच्या हिशेबात येत नाही. पेट्रोल कमी पडतं आणि गाडी झटके मारते. टर्बो डिझेलमध्ये उलटं होतं. टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा; त्याच्यानंतरचा पाइप सुटला की दाबलेली हवा बाहेर जाते, फुस्स असा आवाज येतो आणि मागून काळा धूर निघतो. सेन्सरचा किंवा इग्निशन कॉइलचा कनेक्टर अर्धवट बसलेला असणं हीही रोजचीच गोष्ट. लॉक बसल्याचा ‘टक’ आवाज आला पाहिजे.

दुसरी चूक जास्त खर्चात पाडते. गाडी ओढत नाही म्हणजे इंजिनच कमजोर, असं धरून चालायचं. इंजिन ताकद देत असेल आणि ती वाटेतच कुणी खात असेल तर? ब्रेकचं काम झालं असेल तर चार-पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा, थांबा, आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या. लावू नका, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना ग्रीसविना कोरड्या राहिल्या की हे होतं. मागची दोन्ही चाकं तापली तर हँडब्रेकची केबल जास्त ताणली गेली का ते बघायला सांगा.

क्लचचं काम झालं असेल तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये जोर द्या. आरपीएमचा काटा वर पळतो आणि स्पीड तिथंच राहतो, म्हणजे क्लच घसरतोय. दोन्ही सोबत वाढतात पण रडत-रखडत, तर क्लचला दोष देऊ नका.

आणि हो, तुलना सारखीच करा. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ गेला की हवा विरळ होते, वर एसीचा भार. लहान इंजिन तेवढ्यानेही सुस्त होतं. सकाळची एसी बंद गाडी आणि दुपारी चार माणसं भरलेली गाडी यांची तुलना करून मिस्त्रीशी भांडण्यात अर्थ नाही.

चेक इंजिनचा दिवा लागला की बॅटरीची वायर काढून तो घालवायचा, ही तर आपल्याकडची जुनी खोड. दिव्यासोबत कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोडही पुसला जातो, आणि बिघाड झाला तेव्हा आरपीएम किती, इंजिनवर लोड किती, याची नोंदही. आधी स्कॅनर लावून घ्या, कोडचा फोटो काढा. पी०१७१ म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी, पी०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं), पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. कोड आला म्हणून लगेच पार्ट बदलायचा नाही. बिघाड कुठल्या बाजूला आहे एवढंच तो सांगतो. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर काही गाड्यांना स्कॅनरनं नवं लर्निंग (कॉम्प्युटरला थ्रॉटलची नवी स्थिती शिकवणं) करून द्यावं लागतं, तेही राहिलंय का विचारा.

टायमिंग बेल्ट किंवा चेन बदलली असेल आणि त्यानंतर गाडीचा दम गेला असेल, तर ‘थोडी चालवा, सेट होईल’ हे अजिबात ऐकू नका. बेल्ट एक दात चुकला तरी इंजिन चालू होतं, पण ओढत नाही. आणखी सरकला तर बऱ्याच इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनला आपटून वाकतात. अशी गाडी बुटीबोरीपर्यंत ‘टेस्ट’ला नेऊ नका. बेल्ट-चेनच्या टायमिंगच्या खुणा जुळवून घेईपर्यंत ती गॅरेजमध्येच राहू द्या. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल, तर मिसफायर जोराचा आहे आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर जाळतंय. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टोइंगवाल्याला बोलवा.