झोपला नव्हता तो: नागपुरात इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी सुरू करणाऱ्यांसाठी

जुलै महिना, पहाटेचे पावणेपाच. मी जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण त्या रात्रीची चूक माझी होती. उमरेडच्या पलीकडच्या एका खेड्यातलं जोडपं दहा-अकरा वर्षांच्या पोराला खांद्यावर टाकून कॅज्युअल्टीत आलं. "सायेब, रात्री दोनपासून पोट दुखून राहिलं याचं. उलट्याबी झाल्या." पोट दाबून पाहिलं, मऊ. ताप नाही. आदल्या दिवशी कुणाच्यातरी तेरवीचं जेवण झालेलं. मग काय, अन्नातून बाधा. सलाईन, उलटीसाठी ओंडान्सेट्रॉन, अ‍ॅसिडिटीसाठी पँटोप्राझोल, सकाळी सर्जरीला दाखवणे. कागदावर सही ठोकली आणि चहाला निघालो.

फरशी पुसणारी मावशी मधेच थांबली. "डॉक्टर, झोपला नाही हा पोरगा. माय हाका मारून राहिली तर भुवया वर करते, पण डोळे नाही उघडत त्याचे."

परत गेलो. कपाळाला आठ्या, भुवया ताणलेल्या आणि पापण्या अर्ध्यावर लोंबलेल्या. पेंगुळलेलं पोर असं दिसत नाही, पेंगणाऱ्याचं कपाळ सैल असतं. बोट दाखवलं तर त्याला दोन दिसत होती. श्वासाचा जोर किती उरलाय ते पाहायला एका दमात आकडे म्हणायला लावले, अकरावर थांबला. दहा मिनिटांनी सातवर. मान उशीवरून उचलता येईना. तेव्हा कुठे मी बापाला विचारलं, "रात्री कुठे झोपला होता?"

"खालीच. लाइन गेली होती, गरम होत होतं."

अंगावरचा कपडा न् कपडा काढून पाहिलं. दाताची खूण नाही, सूज नाही, काही नाही. मण्यारचा दंश असाच असतो. साप रात्री फिरणारा, दात बारीक, चावल्याचं कित्येकदा झोपलेल्याला कळतही नाही. पोटात कळा येतात, उलटी होते, मग पापण्या पडतात, गिळता येईनासं होतं आणि शेवटी श्वास. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन आला, तर पोटाला हात लावायच्या आधी पापण्या बघा. हे मला एमबीबीएसला पाठ होतं. फक्त ते 'सर्पदंश' या धड्यात होतं आणि पोरगा 'पोटदुखी' या धड्यातून आला होता.

सिनियरना उठवलं. सर्पविषावरच्या लसीच्या १० व्हायल, शेजारी अ‍ॅड्रिनॅलिन भरून तयार, लसीची रिअ‍ॅक्शन आली तर. मुलालाही मोठ्या माणसाइतकाच डोस द्यायचा. समोर लहान मूल आहे म्हणून साप काही विष कमी सोडत नाही. स्नायूंचा लुळेपणा कमी करणारं निओस्टिग्मिन देऊन पाहिलं, फरक शून्य. नागाच्या दंशात ते बऱ्याचदा कामी येतं. मण्यारचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं, तिथे त्याचा जोर चालत नाही. लससुद्धा झालेलं नुकसान भरून काढत नाही. ते टोक पुन्हा तयार होईपर्यंत पोराचा श्वास आपण चालवायचा, एवढंच हातात. साडेसहाला श्वासनलिकेत ट्यूब टाकली.

दुसऱ्या दिवशी बाहुल्या रुंदावलेल्या, टॉर्चला प्रतिसाद नाही, हातपाय लुळे. पलंगाशी उभा राहून मी इंटर्नला म्हणालो, "गेल्यात जमा आहे." सिनियरनी मला हाताला धरून बाहेर काढलं. मण्यारच्या विषाने बाहुल्याही लुळ्या पडतात, मेंदू जागा असू शकतो. मग ते आत गेले, पोराच्या कानाशी वाकले आणि त्याला नावाने हाक मारून सांगितलं की तुझे हातपाय झोपलेत, तू बरा होणार आहेस, घाबरू नको.

सहाव्या दिवशी ट्यूब निघाली. बोलता यायला लागल्यावर त्याने आईला विचारलं, "मी जाणार आहे असं म्हणणारा डॉक्टर कोणता?"

मी त्या दिवशी वॉर्डात दुसऱ्या दाराने गेलो.

आता तुमच्याबद्दल. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी दुर्मीळ पाहायचं असतं. विल्सनचा आजार, फिओक्रोमोसायटोमाची गाठ, परीक्षेत विचारतात ते सगळं. दिसेलही एखादं. पण माझ्या वहीत 'विचित्र केस' म्हणून जी पानं भरली आहेत, त्यातले बहुतेक आजार इथल्याच मातीतले आहेत. विचित्र होती ती आमची विचारपूस. मेडिकल असो, मेयो असो (ही दोन इथली सरकारी रुग्णालयं) की खाजगी, नागपुरात पेशंट येतो गडचिरोली, गोंदिया, भंडारा, छिंदवाडा, बालाघाट इथून. येताना तो दोन ठिकाणी सलाईन लावून घेतो, एखादं इंजेक्शन टोचून घेतो आणि हातात निदान लिहिलेली चिठ्ठी घेऊन येतो. ती चिठ्ठी वाचा, पण घडी घालून खिशात ठेवा. स्वतः तपासून झाल्यावर पुन्हा काढा.

मी असं केलं नव्हतं, २०१८ च्या पावसाळ्यात. त्या वर्षी नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसचे, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचे, पेशंट एकामागून एक सापडले. तोवर आमच्यातल्या अनेकांनी हा आजार फक्त वाचलेला. माझ्या वाट्याला आलेल्या बाईंच्या चिठ्ठीवर 'डेंग्यू' होतं. ताप सातवा दिवस, प्लेटलेट कमी, लिव्हरचे आकडे वाढलेले. सगळं डेंग्यूत बसत होतं, फक्त डेंग्यूचा ताप एवढा लांबत नाही, आणि डेंग्यूची टेस्ट दोनदा निगेटिव्ह होती. मी तिसऱ्यांदा पाठवणार होतो. रात्रपाळीच्या सिस्टरने अंग पुसताना डाव्या स्तनाखाली एक काळी खपली पाहिली. सिगारेटचा चटका बसावा तशी, भोवती लाल कडा, दुखत नाही, खाजत नाही. बाईंना स्वतःलाही माहीत नव्हती. या माइटची, म्हणजे त्या बारीक किड्याची, पिल्लं जिथे चावतात तिथे ही खपली धरते, आणि त्यांना आवडतात त्या जागा आपण तपासायला लाजतो: काख, जांघ, स्तनाखाली, कमरेला नाडी बसते तिथे. बाई महिनाभर बांधावर गवत कापत होत्या. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप उतरला. रक्ताच्या चाचणीची वाट पाहू नका, पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते. पेशंट गरोदर असेल तर अ‍ॅझिथ्रोमायसिन. आणि बाईंना तपासताना सिस्टरला सोबत घ्या, पडदा ओढा, पण सगळं अंग बघाच.

सिकलसेलबद्दल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल, वेगळं सांगायची गरज पडू नये, तरी पडते. विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे, पण आपल्याकडच्या प्रकारात बऱ्याच जणांचं फीटल (गर्भातलं) हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून काहींचा आजार सौम्य राहतो आणि उशिरा उघड होतो. कॉलेजातला एक मुलगा दर हिवाळ्यात हातपाय दुखतात म्हणून यायचा, इंजेक्शन मागायचा. त्याच्या केसपेपरवर कुणीतरी 'नाटक करतो' अशा अर्थाचं इंग्रजी लिहून ठेवलं होतं. तो लंगडायला लागला तेव्हा एमआरआय झाला. मांडीच्या हाडाचा गोल रक्तपुरवठ्याअभावी मेला होता. हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी त्यानंतर. सोल्युबिलिटी ही झटपट टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून थांबू नका, वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ती सांगत नाही. आणि दुखतंय म्हणणाऱ्याला आधी दुखणं थांबवायचं औषध द्या, चौकशी नंतर.

मे महिन्यातलं एवढंच: बेशुद्ध आणि तापलेला माणूस आला की मेनिंजायटिस, सेरेब्रल मलेरिया डोक्यात येतात, यायलाच हवेत. पण काखेतल्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका. माझ्या एका पेशंटचं काखेत ३९.५ सेल्सिअस होतं, गुदद्वारातून ४१.८. घरात कूलर चालू, उन्हात गेलेलाच नाही, म्हणून उष्माघात कुणाच्या मनात नव्हता. त्याची बहीण गोळ्यांची पिशवी घेऊन आली, त्यात मानसिक आजाराची औषधं आणि सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल. त्याने घामच बंद होतो. आधी ओली चादर, पंखा, बर्फ. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. गोळ्यांची पिशवी मात्र प्रत्येकाची मागा, सर्दीच्या पेशंटचीसुद्धा.

भाषेचं एक. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना वाटतं, मराठीच तर आहे. "जीव घाबरते" म्हणजे धडधड, मळमळ, साखर कमी होणं, यातलं काहीही असू शकतं. "म्हणजे नेमकं काय होते?" असं विचारून गप्प बसा. गोंडी बोलणारी आजी असेल तर नातवाला बोलवा, अंदाजाने केसपेपर भरू नका.

वही ठेवा, साधी दोनशे पानी. निदान लिहू नका, ते डिस्चार्ज कार्डावर असतंच. आपण आधी काय समजलो होतो आणि ते कशाने फिरलं, हे लिहा. माझ्या वहीत 'कशाने फिरलं' या रकान्यात मावशी, सिस्टर आणि पेशंटची बहीण आहेत, एमआरआय एकदाच.

पुढे त्यातली एखादी केस छापावीशी वाटेल. वाटू द्या, बायोडेटालाही बरं दिसतं. केस रिपोर्टच्या मांडणीसाठी २०१३ पासून केअर (CARE) नावाची मार्गदर्शक चौकट आहे, ती समोर ठेवून लिहा. पण संमती पेशंट वॉर्डात असतानाच घ्या, त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवून. सुट्टी झाल्यावर दिलेला नंबर लागत नाही, लागलाच तर शेजारच्याचा असतो. त्या गवत कापणाऱ्या बाईंना मी खपलीचा फोटो काढू का विचारलं, तेव्हा त्यांनी फॉर्म दोनदा वाचून घेतला, अंगठा उठवला आणि पदर सावरत म्हणाल्या, "काढा ना बाप्पा, पण तोंड नको येऊ द्या त्याच्यात."