‘सब डाल के दे देंगे’ : नव्या लॅपटॉपच्या या चुका टाळा

सिल्व्हर मॉल असो की जेल रोड, इंदुरात लॅपटॉप घेताना बिल फाडायच्या आधीच हे वाक्य कानावर येतं : “आप तो बैठो भिया, सब डाल के दे देंगे.” गिऱ्हाईक बसतं, कट चहा येतो आणि अर्ध्या तासात लॅपटॉप सगळं ‘टाकून’ तयार. पुढच्या दोन-तीन वर्षांत जे रडगाणं ऐकू येतं, त्यातलं बरंचसं याच अर्ध्या तासात पेरलेलं असतं.

पहिलं खातं दुकानदाराचं

ही चूक सगळ्यांत महाग पडते आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

हल्लीचे विंडोज ११ चे बहुतेक लॅपटॉप पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केले की आतली डिस्क आपोआप कुलूपबंद करतात. सेटिंग्जमध्ये याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, त्यामागचं तंत्र बिटलॉकर. कुलपाची किल्ली म्हणजे ४८ आकड्यांचा रिकव्हरी की, आणि तो जमा होतो पहिल्या खात्यात. दुकानातला मुलगा घाईत स्वतःचा किंवा दुकानाचा ई-मेल टाकतो, सेट-अप उरकतो आणि घरी आल्यावर आपण आपलं खातं जोडतो. किल्ली मात्र त्याच्याकडेच राहते.

लोकमान्य नगरातल्या एका सीए-आर्टिकलशिपवाल्या मुलीचं मशीन असंच सुरू झालं होतं. सव्वा वर्ष काही तक्रार नाही. एका संध्याकाळी कंपनीच्या अपडेट अ‍ॅपने बायोस (विंडोजच्या आधी मशीन जागं करणारं सॉफ्टवेअर) बदलला, मशीन रिस्टार्ट झालं आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागू लागलं. तिच्या खात्यात किल्ली नव्हती. दुकानात विचारलं, तर सेट-अप करणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला आणि त्याने वापरलेल्या ई-मेलचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. मग आतली डिस्क (एसएसडी) काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावून पाहिली. तिथेही तेच कुलूप, कारण कुलूप डिस्कवर असतं, लॅपटॉपवर नाही. किल्ली हरवली तर ती मायक्रोसॉफ्टकडूनही परत मिळत नाही. डिस्क ठणठणीत होती, तरी शेवटी पुसून विंडोज नव्याने टाकावी लागली. ऑडिटचे सगळे कागद गेले. मदरबोर्ड बदलला तरी हाच पडदा समोर येतो, तेव्हा वॉरंटीत दुरुस्ती झाली म्हणून खुश होण्याआधी किल्ली कुठे आहे ते बघा.

खोका घरी बंदच आणा. फार तर स्क्रीन फुटलेली नाही, मशीन सुरू होतं, एवढं दुकानात बघा आणि ‘देश निवडा’ या पहिल्या पानावरच बंद करा. आपल्या खात्याने सेट-अप केल्यावर त्या खात्याच्या संकेतस्थळावर डिव्हाइसेसमध्ये जाऊन ४८ आकडे कागदावर उतरवा आणि तो कागद बिलाच्या फाइलीत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको, बॅगेसकट चोरीला जाईल. दुकानातून सेट-अप होऊन आला असेल, तर आधी आपलं खातं ॲडमिनिस्ट्रेटर करा. मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन इथे जाऊन ते बंद करा, डिस्क पूर्ण मोकळी होईपर्यंत चार्जर लावून थांबा आणि पुन्हा सुरू करा. आता नवी किल्ली बनते आणि आपल्या खात्यात जाते. गेली की नाही हे डोळ्यांनी बघा. त्यानंतर दुकानाचं खातं मशीनवरून काढून टाका.

सोबत मिळालेलं ऑफिसही असंच अडकतं. खऱ्या ऑफिसचा हक्क एकाच खात्याला चिकटतो आणि तो घ्यायला मुदत असते. दुकानदाराच्या खात्याने ते सुरू केलं, तर तुम्ही पैसे भरलेलं ऑफिस त्याच्या नावावर गेलं.

फुकटचं ऑफिस

आता ‘टाकून’ दिलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरबद्दल. नीतीचं प्रवचन राहू द्या. अडचण अशी आहे की परवान्याचं कुलूप तोडणारी ‘क्रॅक’ फाइल चालावी म्हणून डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला, डोळे मिटायला लावतात. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये तळाशी एक्सक्लूजन्स ही यादी असते. नव्या लॅपटॉपवर ती कोरी हवी. तिथे अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला दिसला, तर घराला कुलूप लावून खिडक्या उघड्या टाकल्यासारखं झालं. ती नोंद काढून भागत नाही, विंडोज नव्याने टाका. पत्रं लिहायला आणि पोरांच्या प्रोजेक्टला लिब्रेऑफिस पुरतं, तेही फुकट आणि उजळ माथ्याने.

महिनाभराचं फुकट अँटिव्हायरस आलं असेल तर काढून टाका, डिफेंडर पुरे. ‘पीसी क्लीनर’ आणि ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचं काहीही घेऊ नका.

शोकेसमधला पीस नवा म्हणून

ओळखायला दोन मिनिटं लागतात. सीरियल नंबर खोक्यावर, बिलावर आणि लॅपटॉपच्या पोटावर एकच हवा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते कळतं. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता, आज भरणारी क्षमता आणि सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून भरली गेली) असे तीन आकडे असतात. कोऱ्या लॅपटॉपचा सायकल काउंट शून्याच्या आसपास हवा (काही मॉडेलांत तो दिसतच नाही). तिथे ४०-५० दिसले, तर तो लॅपटॉप काही महिने काउंटरवर कार्टून दाखवत उभा होता. बदलून मागायची मुदत थोड्याच दिवसांची असते, म्हणून हे पहिल्याच संध्याकाळी बघा.

तीन पिनांच्या दोन करणं

रामबाग, नारायण बाग, पारशी मोहल्ला या भागांतल्या जुन्या घरांत ही तक्रार हमखास. “लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात, बॉडीत करंट आहे.” लॅपटॉप परत करायला लोक दुकानात जातात आणि दोष घरच्या भिंतीत असतो.

अडॅप्टरमध्ये विजेतली खरखर गाळायला बारीक कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी थोडा करंट अर्थकडे जातो, तसाच तो आखलेला आहे. मोठी तिसरी पिन जमिनीशी जोडलेली नसेल, तर तो लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येऊन बसतो. जीव घेण्याइतका तो नसतो, पण त्याच अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय केबल खोचली की बारीक ठिणगी उडते आणि कधीकधी पोर्ट जातो.

दहा-वीस रुपयांचा तीनाचे दोन करणारा कन्व्हर्टर आधी फेकून द्या. मग वायरमनला बोलवून मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थचा आकडा शंभरावर अडकला किंवा भटकत राहिला, तर तुमची अर्थिंग नावालाच आहे.

इथे काही वायरमन शॉर्टकट मारतात, सॉकेटच्या मागे अर्थ आणि न्यूट्रल तारेने जोडून देतात. मीटरवर सगळे आकडे सुंदर दिसतात. हे अजिबात करू देऊ नका. ज्या दिवशी बाहेर न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर पूर्ण २३० व्होल्ट येतील, फ्रिजपासून गिझरपर्यंत. खरी अर्थिंग खड्ड्यातून येते. माळव्याची काळी माती मे महिन्यात वाळून भेगाळते, मग तो खड्डा काम करेनासा होतो. उन्हाळ्यात त्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता. तुळशीला घालताना त्यालाही घाला, लक्षात राहतं.

स्टॅबिलायझरची मात्र गरज नाही. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो ते सांभाळतो. पावसाळ्यात कडकडाट सुरू झाला की प्लग उपसा आणि ब्रॉडबँडची तारही. ही तार सगळे विसरतात.

गादी, ऊन आणि धूळ

लॅपटॉप हवा बहुधा पोटाकडून घेतो आणि मागून किंवा बाजूने सोडतो. गादीवर ठेवला की नाक दाबलं गेलं. खोलीच ४० अंशांवर असते तेव्हा पंखा गरम हवाच आत ओढतो, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि लोक म्हणतात, “सहा महिन्यांत स्लो झाला.” पोळपाट खाली घेतला तरी चालतं. बाजारातल्या निळ्या दिव्यांच्या कूलिंग पॅडपेक्षा मागची बाजू दोन बोटं उचलणं बरं. उन्हातल्या गाडीत तर लॅपटॉप पाच मिनिटंही नको.

धूळ वर्षातून एकदा काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरा. पाती भन्नाट फिरू दिली तर बेअरिंग जातं आणि पंखा कण्हायला लागतो.

बॅटरीचे जुने मंत्र

“पहिल्यांदा आठ तास चार्ज करा” आणि “पूर्ण उतरवूनच लावा” हे निकेल बॅटऱ्यांच्या काळातले मंत्र आहेत. लिथियमला दोन गोष्टी खातात, उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेलं राहणं. लॅपटॉप टेबलावर दिवसभर चार्जरवरच असेल, तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा. सुट्टीत महिनाभर पुण्याला जायचं असेल तर अर्धी भरून बंद करून ठेवा. टचपॅड वर आला किंवा झाकण नीट मिटेना, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, वापर थांबवा, दाबून बसवायचा उद्योग करू नका.

चार्जर बदलताना पिन बसली म्हणजे झालं, असं नसतं. व्होल्ट तोच हवा, वॅट तेवढे किंवा जास्त. ६५ वॅटच्या लॅपटॉपला मोबाइलचा १८ वॅटचा चार्जर लावून “चार्ज होत नाही” म्हणणारे रोज भेटतात.

आणखी काही

‘शट डाउन’ने नेहमी पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठतो. अडलं की रिस्टार्ट निवडा. पहिल्या दिवशी अपडेटला दोन-तीन तास लागू शकतात. पॉवर बटण दाबून ते मधेच मारू नका. एवढा धीर नसेल तर लॅपटॉप रविवारी उघडा.

झाकण मिटण्याआधी कीबोर्डवर हात फिरवा, इयरफोन राहिला की स्क्रीन गेली. कॅमेऱ्यावरची जाड प्लास्टिकची पट्टीही हेच करते. स्क्रीनला काच पुसायचा निळा स्प्रे नको. मायक्रोफायबर कापड डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलं करा, बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. पोह्यांवरची शेव बटणाखाली गेली तर स्क्रूड्रायव्हरने बटण उचकटू नका. लॅपटॉप तिरपा धरून हलकेच थोपटा.

आणि चहा सांडला तर चार्जर उपसा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून मशीन मारा, तंबूसारखं उघडून पालथं ठेवा. तांदळात घालू नका, हेअर ड्रायर लावू नका. वाळलं म्हणून सुरू करून बघणं ही शेवटची चूक. पाणी उडून जातं, साखर आणि दूध बोर्डावर राहतात आणि तांबं कुरतडत बसतात. चोवीस तासांच्या आत उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून घ्या. दुरुस्तीवाल्याला लाजेने “थोडं पाणी पडलं” सांगू नका. चहा होता तर चहा सांगा, नाहीतर तो नुसता वाळवून परत देईल.