डॅश, विसर्ग आणि अर्धा र: स्वतःचा कीबोर्ड लेआउट करताना या चुका टाळा

इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कीबोर्ड रचनेत, ‘आई-वडील’मधलं संयोगचिन्ह सहज मिळतं. ‘२०२३–२४’मधला एन डॅश आणि वाक्य तोडून खुलासा करताना लागणारं अपसारणचिन्ह, म्हणजे एम डॅश (—), मात्र मिळत नाही. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या कीबोर्ड लेआउट क्रिएटरमध्ये, म्हणजे कोणत्या कळीवर कोणतं अक्षर हे ठरवायच्या साधनात, मराठी लेआउट उघडून बरेच जण त्यात बदल करतात. कल्पना उत्तमच आहे, पण घोटाळा बहुधा पहिल्याच बदलात होतो.

इंग्रजीत शिफ्ट आणि हायफन दाबलं की अंडरस्कोर येतो. तो क्वचितच लागतो, म्हणून डॅश तिथेच बसवावा असं वाटतं. पण इनस्क्रिप्टमध्ये ती विसर्गाची जागा आहे! तिथे डॅश बसवला की विसर्ग गेला, आणि मग हात आपोआप कोलनकडे वळतो. ‘दुःख’च्या जागी ‘दु:ख’ उमटतं. नीट पाहिलं नाही तर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक लिहिलं तर दुसरं सापडत नाही. शे-दीडशे पानांच्या मजकुरात ही दुरुस्ती जिवावर येते. म्हणून मूळ अक्षरांच्या जागांना हात लावूच नका. स्पेसबारच्या उजवीकडची ऑल्ट, म्हणजे ऑल्ट-जीआर, वापरा: तिच्यासोबत हायफन दाबल्यावर एन डॅश आणि शिफ्टही दाबली तर एम डॅश. मॅकवर ऑप्शन कळीसोबत हाच क्रम आहे, त्यामुळे दोन्हीकडे काम करणाऱ्यांचा गोंधळ होत नाही.

ऑल्ट-जीआरवर काय ठेवायचं हेही जपून ठरवा. विंडोज तिला कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबल्यासारखंच मानतं. वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एफ म्हणजे तळटीप आणि कंट्रोल-ऑल्ट-एम म्हणजे शेरा. या कळींवर चिन्हं ठेवली तर टक्कर अटळ. वरच्या रांगेतल्या रिकाम्या जागा आधी पाहा.

‘वाऱ्यावर’मधला अर्धा र एका कळीवर हवा असेल, तर ऱ आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) ही जोडी द्या. साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक यांनीही तोच आकार येतो, पण मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना ते अदृश्य चिन्ह गळालं की ‘वार्यावर’ होतं. ‘ॲप’साठीही एकसंध ॲ घ्या, अ आणि चंद्र वेगवेगळे जोडू नका.

बदल केला तरी जुनाच लेआउट चालतोय? आधीची आवृत्ती काढून टाका, नवी बसवा आणि साइन आउट करून परत या. चिन्हाऐवजी चौकोन दिसला तर दोष बहुधा फॉन्टचा असतो, लेआउटचा नाही. वर्डमध्ये वेगळंच काही उमटत असेल तर नोटपॅडमध्ये तपासा, कारण वर्ड दोन हायफनचा डॅश आपणहून करतं. तरीही शंका राहिली तर वर्डमध्ये चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा, म्हणजे चिन्हाच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक दिसेल. २०१३ दिसलं तर एन डॅश, २०१४ दिसलं तर एम डॅश, २२१२ दिसलं तर गणितातलं वजाचं चिन्ह. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की चिन्ह परत येतं. डोळ्यांपेक्षा या आकड्यावर विश्वास ठेवा.

एक्सेलमध्ये मात्र या सुंदर रेघा नकोतच. ऋण पाचसाठी एन डॅश दिला तर एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि बेरजेत तो आकडा धरतच नाही, तेही कसलीही सूचना न देता. तिथे साधं हायफनच हवं. टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीतही, तेच लागू.

लेआउट तयार झाला की त्याची केएलसी फाइल, म्हणजे क्रिएटरमध्ये जतन केलेली मूळ फाइल, दुसरीकडे जपून ठेवा. ती हरवलीच तर लेआउट बसवलेल्या संगणकावर क्रिएटरमधलं ‘लोड एक्झिस्टिंग कीबोर्ड’ वापरून पुन्हा उघडता येतो.